थंडीतल्या नाशिकसाठी दिवे लावण्याची पुस्तिका
(फक्त नवशिक्यांसाठी, जाणकारांनी काडेपेटी घेऊन थेट घाटावर यावे)

नोव्हेंबर लागला की संध्याकाळी सहानंतर ज्याला काहीच करावेसे वाटत नाही, त्या नाशिककरासाठी ही पुस्तिका आहे. गोधड्या माळ्यावरून खाली आलेल्या आहेत, गिझर किती वेळ चालू ठेवायचा यावरून घरात दोन तट पडले आहेत, तिबेटियन मार्केटातला स्वेटर अंगात आहे, आणि तरी मन काही ऊब धरत नाही. अशात मोबाइलवर कुठल्या तरी युरोपी शहरातला व्हिडिओ येतो: इमारतींवर रंग ओघळताहेत, पुलाखाली निळे मासे पोहताहेत, माणसे तोंड वर करून हिंडताहेत. ‘आपल्याकडे असलं काही का नसतं?’ असे तुम्ही म्हणता. बहुतेक वेळा हे वाक्य गोदाघाटावर, दीपमाळेला किंवा पणत्यांच्या रांगेला पाठ करूनच म्हटले जाते.

आधी उजेडाचा हिशेब

हिवाळ्यात उजेड आटतो म्हणून मन उतरते, हे उत्तरेकडच्या देशांत खरे आहे. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ऋतूबरोबर येणाऱ्या या नैराश्याचे वर्णन केले. पुढे त्यावर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसण्याचा उपचार रूढ झाला. हेलसिंकीत वर्षातला सर्वांत लहान दिवस सहा तासांचाही भरत नाही. नाशिकला तोच दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो, आणि दुपारच्या उन्हात दहा हजार लक्स कितीतरी वेळा बसतात. तेव्हा ज्याला नुसता उजेड हवा आहे, त्याने पुस्तिका मिटून जेवणानंतर गच्चीवर जावे. (आणि ज्याचे मन कित्येक आठवडे उतरलेलेच आहे, त्याने गच्चीवरही थांबू नये, डॉक्टरांकडे जावे. पणती हे औषध नव्हे.)

पणतीकडून उजेडाची अपेक्षा ठेवणाऱ्यांसाठी थोडे गणित. एका मेणबत्तीपासून एक मीटरवर साधारण एक लक्स उजेड पडतो. अंतर दुप्पट झाले की उजेड पाव होतो. हेच उलटे फिरवले तर दहा हजार लक्स मिळवण्यासाठी ज्योत चेहऱ्यापासून एका सेंटिमीटरवर धरावी लागेल. मन प्रसन्न होईल की नाही ते सांगता येत नाही, भुवया मात्र जातील.

आता यातली गंमत बघा. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असला की जमिनीवर फार तर पाव लक्स उजेड देतो, म्हणजे दोन मीटरवरची मेणबत्ती आणि तो साधारण बरोबरीत सुटतात. दिवाळीतले दिवे अमावास्येच्या अंधारात लागतात, ते समजू शकते. पण घाटावरचा सगळ्यांत मोठा दीपोत्सव आपण ठेवला आहे तो कार्तिकातल्या त्रिपुरारी पौर्णिमेला, महिन्यातल्या सगळ्यांत उजळ रात्री. रस्ता दिसावा म्हणून ही सोय केली असती, तर कोणत्याही हिशेबी माणसाने ती पंधरा दिवस आधी ठेवली असती.

दिवस कोणता निवडावा

नवशिक्यांनी त्रिपुरारी पौर्णिमाच धरावी. त्रिपुरासुराचा वध शंकराने या दिवशी केला, म्हणून दिवे. नाशिकमध्ये घाटावर दिवे लागतात, त्र्यंबकेश्वरला रथ निघतो. तारखेचा घोळ मात्र समजून घ्या. २०२५ मध्ये ही पौर्णिमा ५ नोव्हेंबरला आली, तेव्हा स्वेटर शोभेपुरता होता. २०२६ मध्ये मधे अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती २४ नोव्हेंबरला पडते, तेव्हा कानटोपीला पर्याय नाही. अधिक मासाच्या वर्षी सण थंडीत ढकलले जातात, आणि थंडीत मन उजळण्याचा सराव करायला तेच वर्ष बरे.

साहित्य

पणत्या साध्या मातीच्या घ्या. सोनेरी रंग, टिकल्या आणि मोराची पिसे लावलेल्या पणत्या भेट द्यायला असतात, पेटवायला नव्हेत. रंगाचा वास आधी येतो आणि ज्योत नंतर. नव्या पणत्या आदल्या रात्री बादलीत बुडवून ठेवाव्यात. पाण्यात टाकल्या की बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले म्हणजे मातीची तहान भागली. ही पायरी गाळणाऱ्याची पणती पहिली दहा मिनिटे तेल स्वतःच पिते, आणि वातीच्या वाट्याला उरते ते टीकाटिप्पणी ऐकणे.

तेल. इथे दरवर्षी कोणीतरी फसतो. देवघरातली उरलेली खोबरेलाची बाटली संपवून टाकू, असा काटकसरी विचार करून तो घाटावर येतो आणि बाटली उलटी करतो. काहीच पडत नाही. खोबरेल पंचविसाच्या आतबाहेर थिजते. गोदाकाठी नोव्हेंबरअखेरची रात्र त्याच्या कितीतरी खाली असते. मग तो गृहस्थ बाटली काखेत धरून ती वितळायची वाट बघत उभा राहतो. तुम्ही तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल आणा. तूप आणायचेच असेल तर ते वातीलाच चोपडून आणा.

वात कापसाची, दोन पदरी, पिळदार. फुलवात निरांजनात शोभते, वाऱ्यात टिकत नाही. टोकाला कापराची चिमूट चोळली की ती पहिल्या काडीत पेट घेते. ज्यांना एकाच दिव्यात हौस भागवायची आहे त्यांनी त्रिपुरवात आणावी. साडेसातशे वातींची ती एक जुडी असते आणि तुपात भिजवून पेटवली की वीतभर ज्योत उठते. ती आकाशकंदिलाखाली, पडद्याजवळ किंवा ओढणीवाल्या आत्याच्या शेजारी लावू नये.

काडेपेट्या दोन घ्याव्यात. एक अनोळखी माणूस मागून नेतो आणि ती परत येत नाही. लायटर नको, विसाव्या पणतीपर्यंत अंगठा भाजतो. खरे हत्यार म्हणजे एक जाडशी मेणबत्ती. एकदा ती पेटली की तिच्यावर शंभर पणत्या लागतात.

जागा आणि वारा

रामकुंडाच्या कडेची जागा सगळ्यांना हवी असते, त्यामुळे ती मिळत नाही असे धरून चाला. गांधी तलावाची बाजू, दुतोंड्या मारुतीच्या आसपासचा घाट, नारोशंकराच्या देवळाची पायथ्याची भिंत, यांपैकी काहीतरी पाहा. कपालेश्वराकडे चढणाऱ्या पायऱ्या सगळ्यांत चांगल्या, कारण तिथे प्रत्येक पायरीला मागे दगडाची उभी पाठ मिळते. (समोर नंदी नसलेले महादेवाचे देऊळ म्हणून हे प्रसिद्ध आहे. दिवे लावताना वाट अडवायला एक कमी, एवढाच आपल्या विषयाशी त्याचा संबंध.)

पणती पायरीच्या कडेवर ठेवायचा मोह होतो, कारण फोटोत ती तिथे छान दिसते. तिथे ती एक मिनिट टिकते. तिला पायरीच्या आतल्या कोपऱ्यात सरकवा. वारा नदीवरून येतो, घाट चढताना दगडाला आपटतो आणि त्या कोपऱ्यात थोडा मरतो. ज्योतीची बाजू दगडाकडे, वातीची शेपटी नदीकडे.

या टप्प्यावर काका येतात. प्रत्येक कुटुंबाबरोबर एक असतात. दोन्ही हात स्वेटरच्या खिशात, मफलर कानावरून गच्च, आणि नजर वाऱ्यावर. ते वाकत नाहीत. ‘वारा तिकडून आहे,’ एवढे सांगतात आणि हनुवटीने दिशा दाखवतात. तुम्ही पणती फिरवलीत की वारा फिरतो आणि काका पुन्हा तेच सांगतात. त्यांना नाराज करू नये. वाऱ्याच्या बाजूला उभे करावे. पाच फूट सात इंचांचा, लोकरीने मढवलेला, न हलणारा आडोसा दुकानात मिळत नाही.

आता मुख्य कृती. तुम्ही चाळीस पणत्या लावता. एकतिसावी लागेपर्यंत चौथी, नववी आणि सतरावी विझलेली असते. तुम्ही मागे फिरून त्या लावता, तोवर पुढच्या पाच गेल्या. हे अपयश नव्हे, कृतीचा मजकूरच हा आहे. तुमची मेणबत्तीही विझली की शेजारच्या रांगेतल्या बाईंपुढे नुसती वात धरायची. त्या न बोलता आपली ज्योत पुढे करतात. दहा मिनिटांनी त्यांची रांग विझते आणि तुम्ही परतफेड करता. पाऊण तासाने तुम्हाला त्यांचे माहेर सिन्नरचे असल्याचे, मुलगा पुण्याला असल्याचे आणि गुडघा उजवा दुखत असल्याचे कळलेले असते. थंडी वाजतेय हे एव्हाना तुम्ही विसरलेले असता, कारण शंभरदा उठबस झाली आहे. युरोपातल्या निळ्या माशांकडे बघणाऱ्यांना ही सोय नाही. मासे विझत नाहीत.

रीलसाठी तीच पणती तिसऱ्यांदा पेटवायला लावणाऱ्या भाच्याला तेल ओतायचे काम द्यावे. दोन्ही हात अडकतात.

पाण्यात सोडायचा दिवा

‘मावशी, द्रोण कसा दिला?’ असे विचारून पानाचाच द्रोण घ्या. आत झेंडू, पाकळ्या, एक वात. प्लास्टिकच्या वाटीतला किंवा थर्माकोलच्या ताटलीतला नको; तो दुसऱ्या दिवशी कोणाला तरी जाळीने उपसावा लागतो, आणि उपसणारा तुमच्या मनःस्वास्थ्याबद्दल जे बोलतो ते इथे छापता येत नाही. पाणी संथ असले तर द्रोण जात नाही. एक गिरकी घेऊन पुन्हा तुमच्याच पायरीला येऊन टेकतो. हाताने पाणी मागे लोटून त्याला घालवता येते, पण बाकीच्या द्रोणांच्या गर्दीत तो तुमचाच आहे की नाही याची खात्री करून घ्यावी. दुसऱ्याचा नवस ढकलू नये.

परदेशी पद्धत, थोडक्यात

प्रकाशोत्सवांत फ्रान्समधल्या लिआँचे नाव आधी येते. त्याची सुरुवात एका रद्द होऊ पाहणाऱ्या कार्यक्रमातून झाली. टेकडीवरच्या देवळातल्या मेरीच्या पुतळ्याचे अनावरण १८५२ च्या सप्टेंबरात व्हायचे होते. नदीला पूर आला म्हणून ते ८ डिसेंबरवर गेले. पुरामुळे कार्यक्रम पुढे ढकलणे म्हणजे काय, हे दुतोंड्या मारुतीच्या कमरेवरून पाणी मोजणाऱ्या गावाला समजावून सांगायला नको. ८ डिसेंबरला वादळ घोंगावू लागले आणि आतषबाजी रद्द झाली. मग आभाळ निवळले, आणि लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावून टाकल्या. आज तिथे लेझर आहेत, प्रोजेक्टर आहेत आणि लाखोंची गर्दी आहे. खिडकीतल्या मेणबत्त्याही आहेत.

आपल्याच मुलखात शिकायचे असेल तर कोल्हापूरला पंचगंगा घाटावर जा. तिथे त्रिपुरारीला पहाटेच्या थंडीत हजारो पणत्या लागतात. गोव्यात साखळीच्या विठ्ठलापुरात त्याच रात्री वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या उतरतात. पण होडीला आग न लावता होडी उजळणे हा पुढच्या इयत्तेचा अभ्यासक्रम आहे.

आकाशकंदील

कामट्या, खळ, पतंगी कागद, दोरा. खळ मैद्याची, पातळ शिजवलेली. गार झाल्यावर गुठळी राहिली तर ती बरोबर कंदिलाच्या पोटावर दिसते. चौकोन बांधताना पहिला चौकोन वाकडा झाला की बाकीचे त्याच्या मापाने वाकडे करावेत, म्हणजे ‘वेगळा आकार आहे’ असे म्हणता येते. झिरमिळ्या लांब ठेवा. थंडीतल्या झुळकीत हलतात त्या त्याच.

तो लावायचा कधी हे सगळ्यांना माहीत असते. काढायचा कधी, यावर नाशिकच्या सोसायट्यांमध्ये एकमत नाही. शिस्तीची माणसे त्रिपुरारीनंतर उतरवतात. उरलेली विसरतात, आणि विसरण्यातून एक मुक्काम ठोकलेली कलाकृती तयार होते. डिसेंबर उजाडला की शरणपूर रोडच्या बाजूला नाताळचे तारे लागतात आणि विसरलेला कंदील त्यांच्यात खपून जातो. जानेवारीत त्याचा कागद फाटतो. तेव्हा येवल्याला संक्रांतीच्या आसाऱ्या फिरत असतात, आकाशात सगळीकडे तोच पतंगी कागद असतो, म्हणून तेव्हाही कोणी हरकत घेत नाही. ज्याला कमीत कमी श्रमांत तीन सण साधायचे आहेत त्याने फक्त शिडी आणायला टाळाटाळ करावी.

दीपमाळ

घरी करू नये. दगड, पाथरवट, देणगी देणारा सरदार आणि दोनेकशे वर्षे एवढे साहित्य लागते. जेजुरीच्या पायऱ्यांवर दीपमाळाच दीपमाळा आहेत, गोव्यात मंगेशीचा दीपस्तंभ सात मजली आहे. गावातल्या देवळात एखादी असेलच, तिची चौकशी करा. गुरवाची परवानगी घेऊन दिवे लावायला मिळालेच, तर वरून खाली लावत या. खालून सुरुवात करणारा माणूस वर पोहोचतो खरा, पण उतरताना त्याची वाट त्याने स्वतःच पेटवलेली असते.

विजेची माळ

मेन रोडला मिळते. प्लग लावा. झाले.

एवढेच लिहून थांबायचे होते, पण जुन्या माळेबद्दल दोन शब्द. ती दिव्यांची एकच साखळी असे. सहा व्होल्टचे चाळीसेक दिवे एकापुढे एक जोडले की २३० व्होल्टची वाटणी होई, आणि एक दिवा गेला की सगळा प्रवाह तुटून माळच मरे. मग वडील, थोरला भाऊ, शेजारचा इलेक्ट्रिकवाला आणि ज्याला काही कळत नाही असा एक पाहुणा, अशी समिती व्हरांड्यात बसून प्रत्येक दिवा काढून घालून बघे. रात्रीचे साडेनऊ वाजत. चहा होई. माळ अचानक लागली की सगळे एकदम ओरडत. नवी एलईडीची माळ बिघडत नाही, टायमरवर आपोआप लागते आणि आपोआप विझते. ती लागल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. नवशिक्यांना माझा सल्ला: जुनी माळ मिळाली तर घ्या, आणि टेस्टर विकत आणू नका.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी: निफाड

जिल्ह्यातली सगळ्यांत भव्य प्रकाशमांडणी कोणीही मन उजळावे म्हणून केलेली नसते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो, काही वर्षी त्याहूनही खाली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सकाळी जिल्हाभर चहाबरोबर चघळला जातो. शहरातल्या माणसाला तो आकडा अभिमानाचा वाटतो. द्राक्षवाल्याला वाटत नाही. त्याची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात झालेली असते, घड आता फुगवणीत असतो, आणि या थंडीत मणी वाढायचा थांबतो. पाणी उतरलेला मणी तडकतो. पहाटे गार आणि दुपारी कडक ऊन असे झाले की हिरव्या मण्यावर गुलाबी छटा चढते, त्याला ते ‘पिंक बेरी’ म्हणतात. निर्यातीला तसा माल चालत नाही, म्हणून घडांना कागद गुंडाळतात. रद्दीतली वर्तमानपत्रे तिथे थंडीच्या बातम्यांसकट घडाला पांघरलेली असतात.

आभाळ निरभ्र असले की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते आणि गार हवा खोलगट जागी साचते. म्हणून पहाटे तीन-चारला बागेच्या बांधावर आणि ओळींत शेकोट्या पेटतात. छाटणीच्या काड्या, भुसा, पाचट, वर थोडे ओले गवत, म्हणजे धूर खाली रेंगाळतो. सोबत विहिरीचे पाणी सोडतात, ते हवेपेक्षा कोमट असते. टायर जाळू नये. काजळी मण्यावर बसते आणि ती धुऊन निघत नाही. अशा रात्री ओझर-पिंपळगावकडून निफाडच्या अंगाला गेलात तर लांबवर जमिनीलगत केशरी ठिपक्यांच्या ओळीच ओळी दिसतात, आणि वर धुराचा एक सपाट पापुद्रा. लिआँवाल्यांना हे पाहायला मिळाले तर ते कलाकाराचे नाव विचारतील.

तुम्ही बघायला जाणार असाल तर नियम सोपे आहेत. गाडीचे दिवे बंद करून बांधावर टाळ्या वाजवू नयेत. ‘किती सुंदर’ हे शब्द शेतकऱ्याच्या कानावर पडू देऊ नयेत. त्याचे कर्ज त्या मण्यांत आहे. ‘दादा, काड्या कुठं टाकू?’ असे विचारावे आणि तो सांगेल तिथे टाकाव्यात. चहा आपोआप मिळतो. शेकोटीपाशी उभे राहिले की पोट भाजते आणि पाठ गोठते, म्हणून दर दोन मिनिटांनी फिरावे. तिथेही एक काका असतात. हात खिशात, मफलर कानावर. वारा कुठून आहे ते सांगतात, आणि इथे मात्र सगळे ऐकतात, कारण धूर कुठल्या ओळींवर जाणार ते त्यांना खरेच माहीत असते.

आवराआवर

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत घाटावर जायचे आहे. हा भाग पुस्तिका विकत घेणाऱ्यांपैकी बरेच जण वाचत नाहीत. पणत्या गोळा करा. फुटक्या वेगळ्या, धड असलेल्या पुढच्या वर्षासाठी. सांडलेल्या तेलावर पाणी ओतू नका, त्याने ते पसरते. आधी राख किंवा लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घ्या, झाडून काढा, मग सोड्याच्या कोमट पाण्याने खरवडा. हे सहाच्या आत उरकायला हवे, कारण सहाला पहिले आजोबा धोतर सावरत स्नानाला उतरतात. त्यांचा पाय तुमच्या कलाकृतीवरून घसरला, तर ते तुमच्या घराण्याचा जो उद्धार करतील तो पंचवटीच्या पलीकडे ऐकू जाईल. कामाला लागलात की काका येतीलच. त्यांच्या हातात झाडू द्या.